जुना सोलो मायक्रोवेव्ह दुरुस्त करावा की कन्व्हेक्शन घ्यावा? आणि ठेवायचा कुठे?

मीठमोहरी

घरात २० लिटरचा सोलो (म्हणजे फक्त मायक्रोवेव्ह, ग्रिल-बेकिंग नसलेला) मायक्रोवेव्ह आहे, दोन गोल नॉबवाला, ८०० वॉटचा. सात वर्षं झाली. सध्या तीन तक्रारी आहेत.

एक, पदार्थ गरम व्हायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. दोन, आत उजव्या भिंतीवर जाड कागदासारखा तपकिरी चौकोन असतो, तिथे अधूनमधून ठिणग्या उडतात आणि जळका वास येतो. तीन, कधीकधी चालू करताक्षणी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच) पडतो. वर केला की पुन्हा व्यवस्थित चालतो. मेकॅनिकला फोन केला, तर न बघताच "मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) गेला असणार, नवीनच घ्या" असं उत्तर मिळालं.

घरात चार माणसं. वापर म्हणजे गरम करणं, बटाटे उकडणं, दाणे-रवा भाजणं, पापड. मुलीला केक आणि बिस्किटं करायची आहेत, म्हणून २८ लिटरचा कन्व्हेक्शन (हीटर-पंखा असलेला, बेकिंगही करणारा मायक्रोवेव्ह) डोक्यात आहे. पण जागेचं कोडं आहे. ओटा एल आकाराचा, दोन फूट रुंद. तीन जागा सुचतात: शेगडीच्या लगेच उजवीकडे, फ्रिजच्या डोक्यावर, किंवा भिंतीवरच्या कपाटात सुताराने ठेवलेला २० बाय १४ इंचांचा मोकळा कप्पा. ओट्यावर ६ अँपिअरचा बोर्ड आहे, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर त्यावरच. १६ अँपिअरचा पॉइंट फक्त फ्रिजपाशी आहे. सध्या मायक्रोवेव्ह कन्व्हर्टर प्लग (मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा जोड) लावून ओट्यावरच्या बोर्डावर चालतो.

दुरुस्ती की नवा? नवा तर कसा निवडायचा? आणि ठेवायचा कुठे?

टेस्टर_पक्कड

आधी एक गोष्ट. मागचं पत्र्याचं कव्हर घरी उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतला कपॅसिटर साधारण १ मायक्रोफॅरडचा आणि दोन हजारांहून जास्त व्होल्टचा असतो. त्याचा चार्ज उतरवायला आत एक रेझिस्टर असतो खरा, पण तो तुटलेला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही आणि चार्ज तसाच बसून राहतो. खाली सांगतोय ते सगळं कव्हर न उघडता होतं.

तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत असं धरून चालू नका. एकेक सुटी करून बघू.

गरम कमी होणं. अंदाजावर न जाता मोजा. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात बरोबर १ लिटर नळाचं पाणी घ्या, चमच्याने ढवळा, किचन थर्मामीटरने तापमान लिहून ठेवा. भांडं मध्यभागी ठेवून फुल पॉवरवर ६० सेकंद चालवा. तुमचा टायमर नॉबचा आहे आणि कमी वेळेला हे नॉब हमखास चुकतात. म्हणून नॉब तीन मिनिटांवर फिरवा आणि मोबाइलच्या घड्याळात ६० सेकंद झाले की दार उघडा. लगेच ढवळून पुन्हा तापमान घ्या. जितके अंश सेल्सियस वाढले त्याला ७० ने गुणा, ते झाले पाण्यात उतरलेले वॉट. (एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४,१८७ जूल लागतात, त्याला ६० सेकंदांनी भागलं की ७० येतात.) ८०० वॉटच्या यंत्रात साडेदहा ते साडेअकरा अंश वाढले तर मॅग्नेट्रॉन ठणठणीत आहे. आठ-साडेआठ आले तर काहीतरी खातंय. पाच-सहा आले तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं.

ही चाचणी दोनदा करा: एकदा सध्याच्या बोर्डावर, एकदा फ्रिजपाशी असलेल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर. दोन्हींच्या मध्ये यंत्र अर्धा तास थंड होऊ द्या आणि प्रत्येक वेळी ताजं पाणी घ्या. हे सांगण्याचं कारण तुमचा तो कन्व्हर्टर प्लग. ८०० वॉट हे अन्नात जाणारे. भिंतीतून यंत्र १,२०० वॉटच्या आसपास ओढतं, म्हणजे ५ अँपिअरहून जास्त. सैल कन्व्हर्टर, त्यामागे ६ अँपिअरचं सॉकेट, त्यामागे बारीक वायर, या प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट गळतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये व्होल्टेज १० टक्के घटलं तर आतली ताकद १० टक्क्यांहून बरीच जास्त घटते. चाचणी झाली की प्लग काढून पिनांना उलट्या हाताने स्पर्श करून बघा. चटका बसला, किंवा पिन तपकिरी पडलेली दिसली, तर चोर सापडला.

आणखी एक फालतू वाटणारं पण नेहमी निघणारं कारण: पॉवरचा नॉब आतल्या दांडीवर घसरतो. खूण फुलवर दिसते, आत मात्र मीडियम असतं. नॉब शेवटपर्यंत फिरवून बघा.

ठिणग्या. तो तपकिरी चौकोन अभ्रकाचा आहे. दुकानात मायका शीट म्हणून मागायचा. त्याच्यामागे मॅग्नेट्रॉनकडून लहरी येण्याचं तोंड असतं आणि वाफ-तेल तिकडे जाऊ नये म्हणून हा पडदा. आमटी-भाजीचे शिंतोडे त्यात मुरतात, तापून त्यांचा कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. मग तिथेच ठिणगी. एकदा काळा डाग पडला की पुसून उपयोग नाही, तो वाढतच जातो.

बदलणं सोपं आहे, कारण तो पोकळीच्या आतल्या बाजूने निघतो. प्लग काढा. शीट एका प्लास्टिकच्या खिट्टीने किंवा स्क्रूने धरलेलं असतं, काहींत नुसतंच खाचेत सरकवलेलं. हलक्या हाताने काढा, जुनं शीट नव्यावर ठेवून पेन्सिलीने आखा, कात्रीने कापा. कोपरे किंचित गोल करा, टोकदार कोपऱ्यावर पुन्हा ठिणगी धरते. बसवण्याआधी आतल्या तोंडाची कड ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. तिथून मॅग्नेट्रॉनची टोपी दिसते: धातूची, अंगठ्याएवढी. ती गोल आणि अखंड असेल तर काम झालं. वितळलेली किंवा भोक पडलेली असेल तर पुढचं काम मेकॅनिकचं. शीटशिवाय यंत्र चालवू नका, आणि पुठ्ठा वगैरे लावून तर मुळीच नाही.

आतल्या रंगाचे पोपडे निघून पत्रा उघडा पडला असेल तर तिथेही ठिणग्या येतात. छोटा डाग असेल तर घासून मायक्रोवेव्हच्या पोकळीसाठीचा खास रंग लावता येतो. गंजून पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर यंत्र भंगारात. आणि आतून तारेच्या घासणीने घासत असाल तर थांबवा, तिचे सुटलेले कण ठिणगी पाडतात. पाण्यात लिंबाची फोड टाकून चार मिनिटं उकळा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग फडक्याने सगळं सहज निघतं.

एमसीबी. कधी पडतो, कधी पडत नाही, हीच मोठी खूण आहे. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर खूप मोठा करंट ओढतो. तो किती, हे विजेच्या लाटेच्या कोणत्या क्षणी बटण लागलं त्यावर ठरतं, म्हणून दर वेळी वेगळा. बी प्रकारचा ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी हा झटका सोसत नाही, सी प्रकारचा १६ अँपिअरचा सोसतो. एमसीबीच्या तोंडावर बी १०, सी १६ असं छापलेलं असतं, ते वाचून कळवा.

नेमकं काय पडतं तेही बघा. एमसीबी पडला तर प्रश्न जास्त करंटचा. त्याच्या शेजारचा, टेस्ट बटण असलेला आरसीसीबी पडला तर करंट अर्थिंगकडे गळतोय, ती वेगळी गोष्ट. दार उघडताना किंवा लावताना फ्यूज जात असेल तर दारातले मायक्रोस्विच गेले समजा. दारात तीन स्विच असतात. दोन जण वीज तोडतात आणि तिसरा पहारेकरी. पहिल्या दोघांनी दार उघडं असतानाही वीज सोडली तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून आतला फ्यूज उडवतो. नुसता फ्यूज बदलून देणारा मेकॅनिक असेल तर त्याला स्विचही तपासायला लावा. आणि दर वेळी चालू करताच मोठा घुमल्यासारखा आवाज येऊन गरम अजिबात होत नसेल तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे. हे दोन्ही भाग मॅग्नेट्रॉनपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात, म्हणून तसं निदान आधी करून घ्यावं.

कढीलिंब

वरच्या चाचणीचं उत्तर येईपर्यंत दुकानात जाऊ नका. पण नवा घ्यायचाच ठरला तर काही गोष्टी.

लिटर बघून फसू नका, काचेच्या ताटलीचा व्यास बघा. २० लिटरमध्ये ती बहुधा साडेचोवीस सेंटिमीटरची असते, २८ लिटरमध्ये साधारण साडेएकतीसची. घरातलं जे भांडं रोज वापरणार, त्याचं कर्ण माप घ्या, कारण लांबट भांडं फिरताना कोपऱ्याने भिंतीला अडतं. अडलं की ताटली थांबते, एकच बाजू उकळते आणि दुसरी गार राहते. ताटली कधी डावीकडून, कधी उजवीकडून फिरते, तो बिघाड नाही. ती मोटरच तशी असते.

यंत्रामागे दोन आकडे छापलेले असतात: ओढलेले वॉट आणि दिलेले वॉट. तुलना दुसऱ्यावर करा. जुन्या ८०० वरून ९०० वर गेलात तर तीन मिनिटांची कृती दोन मिनिटं चाळीस सेकंदांत होते. हे ध्यानात घेतलं नाही तर पहिल्या महिन्यात सगळं कोरडं पडतं.

मध्यम पॉवर म्हणजे काय, तेही विचारा. साध्या यंत्रात ५० टक्के म्हणजे अर्धा वेळ पूर्ण ताकद आणि अर्धा वेळ बंद. तो खट्ट-घुं-खट्ट आवाज त्याचाच. इन्व्हर्टर प्रकारात खरोखरच कमी ताकद सलग मिळते. लोणी मऊ करणं, चॉकलेट वितळवणं, गोठलेलं मांस-मासे सोडवणं यात फरक ढळढळीत दिसतो. रोजची आमटी गरम करायला अजिबात नाही. त्यासाठी जादा पैसे मोजायचे की नाहीत, हे तुमच्या स्वयंपाकावर.

ऑटो कुक मेनू किती आहेत याला मी शून्य मार्क देते. दोनशे पदार्थांच्या यादीतला एकही पदार्थ दुसऱ्या महिन्यानंतर कोणी लावत नाही. ३० सेकंद वाढवण्याचं बटण हवं, आणि दाराला ओढायची मूठ हवी. पडद्यासारखी टच पॅनेलं ओट्यावरच्या वाफेत लवकर हट्टीपणा करायला लागतात, त्या मानाने फिरवायचा नॉब टिकतो. नवीन यंत्राची बटणं अचानक दाद देईनाशी झाली तर घाबरण्याआधी चाइल्ड लॉक लागलंय का बघा. बहुतेकांत एक ठरावीक बटण तीन सेकंद दाबून धरलं की सुटतं.

आता मुख्य: केकसाठी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह की वेगळा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, नुसत्या हीटरचा ओव्हन)? माझं मत स्पष्ट आहे. केक महिन्यातून एकदा-दोनदा आणि जागा एकाच यंत्राची असेल तर कन्व्हेक्शन. बिस्किटं मनापासून करायची असतील तर चालू सोलो राखा आणि ओटीजी घ्या. कारणं:

- कन्व्हेक्शनमध्ये एका वेळी एकच थर, तोही गोल ताटलीवर. बिस्किटं आठ-दहाच मावतात. ओटीजीत चौकोनी ट्रे भरून होतात.
- बेकिंग चालू असताना दूध गरम करायला यंत्र मोकळं नसतं, आणि नंतर अर्धा तास पोकळी तापलेली असते. प्लास्टिकचा डबा विसरून आत गेला तर मऊ पडतो.
- पंख्याच्या वाऱ्याने वरची बाजू आधी लाल होते. कृतीत १८० अंश लिहिले असतील तर १६० ते १७० वर सुरू करावं लागतं.

कन्व्हेक्शनच घेतलात तर ॲल्युमिनियमचा टिन फक्त निव्वळ कन्व्हेक्शनवर, बुटक्या जाळीवर, पोकळी रिकामी असताना आधी तापवून. टिनच्या चारी बाजूंना तीनेक सेंटिमीटर वारा फिरायला जागा हवी. २० सेंटिमीटरचा, म्हणजे आठ इंची टिन २८ लिटरला बरोबर. कॉम्बिनेशन मोडवर टिन नको, त्यात मायक्रोवेव्हही चालू असतं. इथेच सगळ्यांची गल्लत होते.

ओळंबा

जागेबद्दल. तुम्ही दिलेल्या तिन्ही जागा मी नापास करतो, चौथी सांगतो.

आधी मोकळ्या हवेची मापं. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असतात आणि तीच अंतिम. सर्वसाधारणपणे वर २० सेंटिमीटर, मागे १०, बाजूंना ५ ते १०. ही जागा मॅग्नेट्रॉनची गरम हवा बाहेर पडण्यासाठी. कोंडली तर आतलं तापमानाचं कटआउट उडतं: सात-आठ मिनिटं नीट चालतं, मग दिवा-पंखा-ताटली चालू पण गरम शून्य, आणि अर्ध्या तासाने पुन्हा नीट. असं होत असेल तर मेकॅनिकआधी जागा बघा.

सुताराचा कप्पा: २० बाय १४ इंच म्हणजे ५१ बाय साडेपस्तीस सेंटिमीटर. २० लिटरचं यंत्र साधारण ४५ रुंद आणि २६ उंच. बाजूंना तीन-तीन आणि वर साडेनऊ उरतात. बसतं, पण श्वास कोंडतो. २८ लिटरचं यंत्र सुमारे ५१ रुंद आणि ३१ उंच, म्हणजे त्याला उंचीच किमान ५१ हवी. कन्व्हेक्शनची गरम हवा लाकडावर आणि सनमायकावर आदळली तर पहिल्या वर्षातच कडा सुटतात. कपाटात बसवायची यंत्रं वेगळी बनतात, त्यांचा वारा समोरून निघतो. टेबलावरचं यंत्र तिथे कोंबू नये.

फ्रिजच्या डोक्यावर: उंची हा सगळ्यात मोठा दोष. उकळती आमटी डोळ्यांच्या पातळीवरून उतरवायची म्हणजे चटक्याला निमंत्रण. ताटली तुमच्या कोपरापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असावी, त्याच्या वर नाही.

शेगडीला लागून: फोडणीचं तेल हवेतून सरळ यंत्राच्या जाळीत जातं. शिवाय टेबलावरच्या मायक्रोवेव्हचं दार डावीकडे बिजागरीवर फिरतं. शेगडी डावीकडे असेल तर उघडं दार थेट ज्योतीसमोर येतं. प्लास्टिकची कड आणि काचेवरचा पातळ पडदा दोन्ही मऊ होतात.

आता चौथी: एलचा कोपरा. तिथे एरवी डबेच साठतात. यंत्र कोपऱ्यात तिरकं, तोंड खोलीकडे करून ठेवा. मागे आपोआप त्रिकोणी पोकळी राहते आणि वारा खेळतो. दोनच गोष्टी तपासा. एक, दार ९० अंशांहून जास्त उघडतं का. नाहीतर काचेची ताटली बाहेर काढता येत नाही. दोन, उजव्या हाताला निदान ३५-४० सेंटिमीटर मोकळा ओटा राहतो का, गरम भांडं टेकवायला. पुठ्ठ्यातून यंत्राच्या तळाएवढा आणि दाराएवढा तुकडा कापून ओट्यावर मांडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यंत्र घरी आल्यावरची हळहळ वाचते.

प्लग पॉइंट यंत्राच्या बरोबर मागे घेऊ नका. १६ अँपिअरचा प्लग आणि वायरचं वळण मिळून सात-आठ सेंटिमीटर पुढे येतात, तेवढं यंत्र ओट्याच्या कडेकडे सरकतं. आणि आत काही पेटलं तर प्लग काढायला हात धुरातून मागे घालावा लागतो. पॉइंट बाजूला, ओट्यापासून ९-१० इंच वर, सिंकपासून लांब.

भिंतीवर फळी ठोकून ठेवायचा विचार असेल तर वजन लक्षात घ्या: सोलो १० ते १२ किलो, कन्व्हेक्शन १७ ते २० किलो, वर भांड्याचं. पक्क्या विटेच्या भिंतीत फास्टनर चालतात. पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या किंवा जिप्समच्या भिंतीत साधे स्क्रू हळूहळू ओघळतात.

शेवटी झुरळं. यंत्राच्या कंट्रोल पॅनेलमागे उबदार अंधार असतो. डिस्प्लेचे आकडे अर्धवट दिसणं, आपोआप बीप वाजणं, यामागे बऱ्याचदा हेच भाडेकरू निघतात. जाळीत स्प्रे मारू नका, सर्किटवर ओल जाते. पायांजवळ जेलचे थेंब लावा, आणि रात्री आत ताटलीखाली सांडलेलं काही ठेवू नका. जाळी बंद होईल असं वर क्रोशाचं झाकण, त्यावर फळांची टोपली, त्यावर मसाल्याचा डबा, ही सजावटही उतरवा.

मीठमोहरी

सगळ्यांचे आभार. मोजलं.

ओट्यावरच्या बोर्डावर पाणी २६ वरून ३४.५ वर गेलं, म्हणजे ५९५ वॉट. फ्रिजपाशी १६ अँपिअरच्या पॉइंटवर २६ वरून ३६.५, म्हणजे ७३५. कन्व्हर्टर प्लग हातात धरवत नव्हता आणि त्याची एक पिन तपकिरी आहे. एमसीबीवर बी १० लिहिलंय, आरसीसीबी कधी पडलेला नाही. अभ्रकाच्या शीटचा खालचा कोपरा जळून काळा झालाय, मागची धातूची टोपी मात्र गोल दिसते.

म्हणजे सोलो राखायचा आणि कोपऱ्यात हलवायचा, आणि केकसाठी पुढे ओटीजी, असं ठरतंय. दोन उपप्रश्न. सासूबाईंचं म्हणणं, आत मोबाइल ठेवून रिंग वाजली तर किरण बाहेर येतात. यात तथ्य आहे का? आणि पोळ्या चामड्यासारख्या होतात त्याला उपाय?

टेस्टर_पक्कड

मॅग्नेट्रॉन उत्तम आहे. तो कन्व्हर्टर आजच कचऱ्यात टाका. तपकिरी पिन पुढच्या पायरीला सॉकेट वितळवते.

मोबाइलची चाचणी काही सिद्ध करत नाही. मायक्रोवेव्हच्या दाराच्या कडेतली रचना २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरी अडवायला बेतलेली असते. मोबाइल बऱ्याचदा वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि अगदी अशक्त सिग्नलवरही वाजतो. प्रमाणित मर्यादा यंत्रापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट अशी आहे आणि ती मोजायला मीटर लागतो. घरी बघायचं ते दार: बिजागरी सैल होऊन खाली लोंबतंय का, बंद केल्यावर हाताने आतबाहेर हलतं का, कडेची प्लास्टिकची पट्टी तडकली-जळली आहे का, कडेवर खरकट्याचा थर आहे का. यातलं पहिलं, दुसरं किंवा तिसरं असेल तर वापर थांबवून मेकॅनिक. खरकटं तुम्हीच पुसा. सासूबाईंना हेही सांगा की प्लग काढला किंवा दार उघडलं की लहरी त्याच क्षणी थांबतात, आत लहरी साठून राहत नाहीत.

यंत्र चालू असताना वायफाय अडखळतं ते मात्र खरं आहे. दोघांची पट्टी जवळजवळ एकच. राउटर ५ गिगाहर्ट्झवर लावा.

कढीलिंब

पोळी: पीठ जितकं जास्त तापेल तितकं पाणी सोडतं आणि गार होताना कडक होतं. म्हणून वेळ कमी आणि वाफ कोंडलेली हवी. दोन पोळ्या घडी घालून, ओल्या करून घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळा, फुल पॉवरवर २० सेकंद, मग तशाच अर्धा मिनिट झाकून. भाकरीला पाण्याचा हलका हबका मारून २५ सेकंद. चारपेक्षा जास्त पोळ्या असतील तर सरळ तव्यावर.

पापड: एका वेळी दोन, ताटलीच्या कडेला, ४० ते ५० सेकंद आणि समोर उभं राहून. पापडात पाणी नसल्यासारखंच, त्यामुळे वेळ वाढवला तर यंत्र रिकामं चालवल्यासारखं होतं आणि लहरी परत मॅग्नेट्रॉनवर आदळतात. दाणे एक वाटी, पसरट काचेच्या भांड्यात, दर मिनिटाला हलवत तीन ते चार मिनिटं. रंग बदलायच्या आधीच थांबा, बाहेर काढल्यावरही आतून भाजत राहतात. बटाट्याला काट्याने भोकं पाडा. सालीसकट अंडं कधीच नाही. आणि गुळगुळीत काचेच्या पेल्यात नुसतं पाणी उकळायचं असेल तर आत लाकडी चमचा ठेवा, नाहीतर पाणी न उकळता तापत राहतं आणि हलवताक्षणी उसळतं.

तीन_फेज

वायरिंगचा शेवटचा मुद्दा राहिला. उद्या ओटीजी घेतलात, किंवा विचार बदलून कन्व्हेक्शन घेतलात, तर त्यांचे हीटर दीड-दोन हजार वॉटच्या पुढे जातात, म्हणजे सात ते दहा अँपिअर. कोपऱ्यात १६ अँपिअरचे दोन पॉइंट हवेत, मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायरीने. एकाला निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दोन्ही एकाच लाईनवर घेणार असाल तर चारची, आणि मग दोन्ही हीटर एकदम चालवायचे नाहीत. अर्थिंग खरंच पोचलंय का ते वायरमनकडून मोजून घ्या. मायक्रोवेव्हमध्ये उच्चदाबाचं एक टोक थेट पत्र्याला जोडलेलं असतं, त्यामुळे अर्थिंगशिवाय पत्र्याला हात लावणं धोक्याचं.

पावसाळ्यात महिनाभर न वापरलेला ओटीजी किंवा ग्रिल चालू करताच आरसीसीबी पडला तर दचकू नका. हीटरच्या नळीतली पूड ओल धरते आणि करंट अर्थिंगकडे गळतो. मायक्रोवेव्ह मोडवर पडत नाही आणि फक्त ग्रिलवर पडतो, ही त्याची ओळख. वायरमनने मेगरने (करंट गळतोय का ते मोजायच्या मीटरने) हीटर तपासला की लगेच कळतं. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे.

आणि सध्याच्या बी १० बद्दल: वायरमन "सी १६ टाकून देतो, पडायचा थांबेल" म्हणेल. त्याआधी ओट्याच्या बोर्डातली वायर किती जाडीची आहे ते त्याला उघडून दाखवायला लावा. दीडची किंवा एकची निघाली तर एमसीबी आहे तसाच राहू दे आणि मायक्रोवेव्ह नव्या लाईनवर न्या. नाहीतर एमसीबी शांत बसेल आणि भिंतीतली वायर तापत राहील.